शहराचा उकिरडा आणि आपले शिवार



शेतीच्या पानावर शहराचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. शहराचे शहर बघून घेईल, आपण आपले शिवार बघावे, असेही कोणी म्हणेल. पण थोडा विचार करा. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. या रस्त्यांनी रोज काय येते? आपली तूर, सोयाबीन, ज्वारी येते. दूध येते, पालेभाजी येते, अर्धापूरकडची केळी येतात. धरणाचे पाणी नळाने येते. वर आपली मुले-मुली शिकवणीसाठी खोली घेऊन तिथेच राहतात. नांदेडचेही असेच आहे. मोंढ्यात माल आपला, कॉलेजात पोर आपले आणि दवाखान्यात आजारी माणूसही आपलेच.

मग शहरातून परत काय येते? पैसा येतो, ते खरे. पण त्याशिवाय नाल्याचे पाणी येते, वाऱ्याने उडालेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधावर येतात आणि कचऱ्याचे डोंगर शेजारच्या गावाच्या शिवेवर उभे राहतात. म्हणून शहर कसे असावे हा प्रश्न नगरसेवकांइतकाच आपलाही आहे.

आगगाडीने आलेले पाणी

२०१६ सालचा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणे होऊ नयेत म्हणून मार्च महिन्यात जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटरचा प्रवास करून पहिली पाण्याची गाडी लातूरला आली. दहा वाघिणी होत्या आणि त्यांत ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणींची गाडी सुरू झाली. एका खेपेला सुमारे २५ लाख लिटर पाणी येई. ऑगस्टपर्यंत अशा शंभरावर खेपा झाल्या. त्या वर्षी पाऊस चांगला झाला, धरण भरले आणि गाडी थांबली.

दुष्काळ हे निसर्गाचे काम, असे म्हणून सोडून देता येणार नाही. लातूरचे सरासरी पाऊसमान सुमारे ८०० मिलिमीटर आहे. हजार चौरस फूट पत्र्यावर किंवा गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्यातले वीस टक्के वाया गेले असे धरले, तरी पन्नास हजार लिटर पाणी मिळते. इतके पाणी गटारीतून वाहून जाते आणि तेच शहर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहते.

इथे आपल्याकडेही बोट वळते, ते मान्य केले पाहिजे. मांजरेच्या खोऱ्यात ऊस वाढला. ऊस वर्षभर पाणी पितो. मोकाट पाणी सोडून घेतलेला ऊस आणि गळके नळ असलेले शहर ही दोन्ही एकाच धरणाला लागलेली भोके आहेत. ठिबकशिवाय ऊस लावायचा नाही हे आपण ठरवले, तर शहराला चार शब्द सुनावण्याचा अधिकार आपल्याला राहील.

चांगले कामही त्याच वर्षी झाले. 'जलयुक्त लातूर' या नावाने लोक एकत्र आले, वर्गणी काढली आणि साई-नागझरी भागात मांजरेचे पात्र खोल व रुंद केले. नदी ही शहर व गाव दोघांची आहे, हे तेव्हा कृतीने दिसले.

अपुऱ्या पाण्याचा आरोग्याशीही संबंध आहे. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येते, तेव्हा घरोघर पिंप, हौद, रांजण भरून ठेवले जातात. डेंग्यूचा डास घाण पाण्यात होत नाही. अशा साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच तो अंडी घालतो. तुमचा मुलगा किंवा मुलगी लातूर-नांदेडला खोलीवर राहत असेल, तर एवढे जरूर सांगा: आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून, आतून घासून, कोरडी करावीत आणि भरल्यावर त्यांवर फडके बांधावे.

नांदेड आणि गोदामाई

लातूरला पाण्याचा तुटवडा, तर नांदेडला पाणी असून त्याची दैना. नांदेडच्या वर विष्णुपुरी प्रकल्पाचा शंकरसागर जलाशय आहे. शहर त्यातून पाणी उचलते आणि वापरलेले पाणी नाल्यांवाटे खाली नदीकडे सोडते. २००८ साली गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त नांदेडला केंद्राच्या नागरी योजनेतून मोठा निधी मिळाला. रस्ते झाले, घाट बांधले, बोंढारला सांडपाणी शुद्धीकरणाचे केंद्रही झाले. तरीही शहरातल्या नाल्यांचे पाणी पात्रात मिसळते ही तक्रार वर्षानुवर्षे होत आली आहे. नदीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरला, तर ते शोभेचे लक्षण नव्हे. पाण्यात नत्र आणि स्फुरद जास्त झाल्याची ती खूण आहे. शेतात उसाला जे खत घालतो, तेच पाण्यात विरघळून जलपर्णीला मिळते.

नांदेडच्या खाली मुदखेड, उमरी, नायगाव, धर्माबादकडची गावे आहेत. त्यांच्या विहिरी आणि मोटारी याच नदीवर चालतात. वरचे शहर जे सोडते, ते खालच्या गावाच्या घागरीत येते. कावीळ, हगवण, टायफॉइड हे रोग अशाच वाटेने येतात. पूर्वी गावात रीत होती की पाणवठ्याच्या वरच्या अंगाला कोणी गुरे धूत नसे. एवढा साधा नियम शहराला लावायचा आहे.

थोडा हिशेब करू

आपल्या घरी उकिरडा असतो. शेण, मूत, पालापाचोळा, चुलीची राख त्यात जाते आणि उन्हाळ्यात ते खत शेतात जाते. जमिनीतून जे घेतले ते जमिनीला परत द्यायचे, हा शेतीचा पहिला धडा. शहर हा धडा विसरले आहे. त्यामुळे नुकसान किती होते, ते आकड्यांत पाहू.

आपल्या देशातील आहार धरला, तर एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला सुमारे अडीच ते तीन किलो नत्र बाहेर पडते. २०११ च्या जनगणनेत नांदेड-वाघाळा शहराची लोकसंख्या साडेपाच लाख होती. दरडोई २.७ किलो धरल्यास वर्षाला सुमारे १,४८५ टन नत्र होते. युरियात नत्र ४६ टक्के आणि गोणी ४५ किलोची. म्हणजे सत्तर हजारांवर गोण्या युरियाइतके नत्र एकटे नांदेड शहर दरसाल बाहेर टाकते. त्यातले निम्मे हवेत उडाले तरी पस्तीस हजार गोण्या उरतात. हे नत्र आले कुठून? आपल्याच डाळी-धान्यातून, म्हणजे आपल्याच जमिनीतून.

आता पाणी. मोठ्या शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी द्यावे, असे शासकीय प्रमाण आहे. लातूरची लोकसंख्या २०११ साली ३ लाख ८० हजारांवर होती. प्रमाणाप्रमाणे पाणी मिळाले, तर त्यातले ऐंशी टक्के, म्हणजे रोज सुमारे ४ कोटी लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडते. पाण्याच्या आगगाडीच्या भाषेत सांगायचे, तर रोज सोळा गाड्या! एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. पिकाची रोजची गरज पाच मिलिमीटर धरली, तर एवढ्या पाण्यावर आठशे हेक्टर भिजते. दुष्काळी शहराच्या उशाला ही एक बारमाही नदीच आहे. फक्त ती आज घाण आहे.

इंदूरने काय केले

हा विचार नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी होळकरांच्या इंदूर संस्थानात पॅट्रिक गेडिस नावाच्या नगररचनाकाराला बोलावले होते. तेव्हा शहरात प्लेगची भीती होती. गेडिस यांनी दिवाळीची मिरवणूक जाहीर केली आणि ज्या वस्त्या सर्वांत स्वच्छ होतील त्यांच्या रस्त्यांवरून ती जाईल, असे सांगितले. लोकांनी हौसेने घरे-गल्ल्या झाडून काढल्या, गाड्या भरभरून कचरा बाहेर गेला. १९१८ साली त्यांनी दरबाराला अहवाल दिला. शहराची घाण नळातून नदीत ढकलण्याऐवजी तिचा उपयोग बागांना करावा, असे त्यांचे म्हणणे होते.

त्याच इंदुरात १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी आपले सहकारी यशवंत वाड यांच्याबरोबर काम केले आणि कंपोस्टची 'इंदूर पद्धत' शास्त्रीय पायावर उभी केली. पुढे १९३९ च्या सुमारास बंगलोर येथे डॉ. आचार्य यांनी खास शहरी कचऱ्यासाठी 'बंगलोर पद्धत' बसवली. या दोन्ही पद्धती आपल्या शेतकी पुस्तकांत कित्येक वर्षे आहेत. आपल्या पुसदच्या पांढरीपांडे काकांची नाडेप टाकीही याच घराण्यातली.

इंदूरने हा वारसा पुन्हा उचलला. घरातच ओला व सुका कचरा वेगळा करायचा आणि घंटागाडीने तो वेगळाच न्यायचा, ही शिस्त लावली. २०१७ सालच्या स्वच्छ सर्वेक्षणात ते शहर देशात पहिले आले आणि पुढे सलग अनेक वर्षे पहिले राहिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस बनविणारा प्रकल्प सुरू झाला. गॅस बसगाड्यांना जातो आणि उरलेल्या मळीचे खत होते.

कलकत्त्याच्या पूर्वेला तर सुमारे १२,५०० हेक्टर पाणथळ भागात शहराच्या सांडपाण्यावर मासे आणि भाजी पिकवतात. उथळ तळ्यांत ऊन आणि शेवाळ पाणी शुद्ध करतात. जवळचे उदाहरण हवे तर नागपूरचे घ्या. तेथील शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिले जाते, त्यामुळे धरणाचे तेवढे पाणी वाचते.

शहरी कंपोस्ट घेताना

मराठवाड्यातील काळ्या-भारी जमिनीत सेंद्रिय कर्ब कमी आहे. गुरे घटली, शेणखत मिळेना. अशा वेळी शहरी कंपोस्ट कामाचे आहे. राज्य शासनाने २०१७ साली 'हरित महासिटी कंपोस्ट' हे नाव त्यासाठी ठरवले. पण गाडी फुकट मिळते म्हणून वाटेल तो कचरा शेतात ओतू नका. काचेचा तुकडा एकदा शेतात गेला की पिढ्यान्‌पिढ्या पायात जातो. खत घेण्याआधी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. प्रयोगशाळेचा तपासणी दाखला मागावा. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे शहरी कंपोस्टमध्ये सेंद्रिय कर्ब किमान १२ टक्के व एकूण नत्र किमान ०.८ टक्के असावे आणि कर्ब-नत्राचे प्रमाण वीसपेक्षा कमी असावे. शिसे किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या व कॅडमियम ५ मिलिग्रॅमच्या वर नसावे.

२. खत चाळलेले असावे. चार मिलिमीटरच्या चाळणीतून नव्वद टक्के माल खाली पडला पाहिजे. प्लॅस्टिक, काच, बॅटरीचे तुकडे दिसले तर गाडी परत पाठवावी.

३. ढिगात हात घालून पाहावा. आत ऊब असेल तर खत कुजलेले नाही. चांगल्या खताला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो.

४. कुंडीत निम्मे खत व निम्मी माती घालून मुगाचे वीस दाणे टोकावे. सतरा-अठरा उगवले तर खत पक्के समजावे.

५. कोरडवाहू पिकाला एकरी दोन-अडीच टन, मृगाच्या आधी शेवटच्या पाळीला मातीत मिसळून द्यावे. पहिल्या वर्षी एक-दोन पट्ट्यांतच घालून फरक पाहावा.

एका टनातून किमान आठ किलो नत्र मिळते. त्याची तुलना युरियाच्या गोणीशी करू नका. खरा लाभ १२० किलो कर्बाचा आहे. त्याने जमीन पाणी धरते आणि पावसाच्या खंडात पीक तग धरते.

वाहतूक हा अडचणीचा मुद्दा. पण भाजीची, दुधाची गाडी सकाळी भरून जाते आणि रिकामी परत येते. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून परतीच्या गाडीत खत आणले तर भाडे निम्म्यावर येते.

नाल्याच्या पाण्यावरची भाजी

शहरालगतच्या काही मळ्यांत नाल्याचे पाणी मोटारीने उचलतात. पाणी बारमाही, खत फुकट, म्हणून ते सोयीचे वाटते. पण कच्च्या सांडपाण्यात जंतांची अंडी असतात, रोगजंतू असतात. ती कोथिंबिरीच्या, पालकाच्या पानाला चिकटतात आणि शहरात जातात. तिथे ती कोण खाते? खानावळीत जेवणारी आपलीच मुले. शिवाय आधी त्रास होतो तो मळ्यात राबणाऱ्यांना. अनवाणी पायाच्या कातडीतून आकडी जंत शरीरात शिरतो आणि रक्त शोषतो. मळ्यात काम करणाऱ्या बायका फिकट दिसतात, दम लागतो म्हणतात, त्याचे एक कारण हेही असते.

म्हणून हे पथ्य पाळावे.

• शुद्ध न केलेल्या पाण्यावर कच्ची खाल्ली जाणारी पिके, म्हणजे कोथिंबीर, काकडी, मुळा, गाजर, टोमॅटो, अजिबात घेऊ नयेत. बांबू, लाकडाची झाडे, कापूस, फुलझाडे घ्यावीत. चाऱ्याला दिलेच तर शेवटच्या पाण्यानंतर पंधरा दिवस गुरे सोडू नयेत.

• पाणी सरळ पिकाला न देता शेततळ्यात आठ-दहा दिवस स्थिर ठेवावे. बरीचशी अंडी तळाशी बसतात. मोटारीचा फूटव्हॉल्व्ह तळापासून दोन फूट वर ठेवावा. तुषार सिंचनाने हे पाणी देऊ नये.

• काम करताना गमबूट घालावेत. साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये. वर्षातून दोनदा जंताच्या गोळीबद्दल आरोग्य केंद्रात विचारावे.

• वर्षातून एकदा पाणी व माती तपासून घ्यावी. साबण-सोड्यामुळे सोडियम वाढते आणि काळी जमीन चोपण होते. एकदा चोपण झालेली जमीन सुधारायला जिप्सम, निचरा आणि कित्येक वर्षे लागतात.

• नाल्याजवळच्या विहिरीचे पाणी उकळूनच प्यावे. ग्रामपंचायतीने टी.सी.एल. पावडर नियमित टाकते की नाही, हे ग्रामसभेत विचारावे.

शहराकडे काय मागावे

नुसते कुरकुरून भागत नाही. गावाने अर्ज घेऊन, ठराव करून पुढे गेले पाहिजे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातच कचरा वेगळा करण्याचे बंधन घातले, ते कागदावर राहू नये. कचरा डेपोशेजारच्या ग्रामपंचायतींनी महानगरपालिकेकडे तीन गोष्टी लेखी मागाव्यात. एक, मिसळलेला कचरा आमच्या शिवेवर येऊ नये. दोन, तपासलेले कंपोस्ट प्रथम डेपोजवळच्या गावांना ठरल्या भावात मिळावे. तीन, सांडपाणी शुद्ध करून, त्याचा तपासणी अहवाल दर महिन्याला फलकावर लावून, ते शेतीला पाळीने द्यावे आणि नदीत कच्चे पाणी सोडू नये. नदीकाठची गावे एकत्र आली तर या मागणीला वजन येते. एकट्या गावाचा अर्ज फायलीत राहतो.

झाडांचेही मागावे. लातूर हा राज्यातील सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. सिमेंटचे रस्ते आणि पत्र्याची छपरे रात्रीही तापलेली राहतात. लिंब, करंज, पिंपळ, चिंच यांची सावली म्हणजे बाजाराला आलेल्या शेतकऱ्याला, उन्हात बस शोधणाऱ्या म्हातारीला उष्माघातापासून संरक्षण. मोंढ्यात आणि बसस्थानकावर सावली व पिण्याचे पाणी असणे ही चैन नव्हे.

आणि एक अगदी जवळची गोष्ट. चाकूर, रेणापूर, जळकोट, देवणी, अर्धापूर, नायगाव, हिमायतनगर ही आपली तालुक्याची गावे आता नगरपंचायती झाली आहेत. उद्याची शहरे तीच. मोठे शहर सुधारायला कोट्यवधी रुपये आणि दहा वर्षे लागतात. वीस-पंचवीस हजार वस्तीचे गाव आताच वळणावर आणता येते. ओला कचरा प्रत्येक प्रभागात नाडेप टाकीत जावा. नाली नदीत नेण्याआधी शोषखड्ड्यात किंवा स्थिरीकरण तळ्यात जावी. प्रत्येक नव्या घराचे पन्हाळ बोअरकडे वळावे. ओढ्याच्या काठावर घरे बांधू देऊ नयेत, तिथे झाडे लावावीत. तुमच्या भागातून निवडून जाणाऱ्याला मत मागायला येताना याच चार गोष्टी विचारा.

यंदा सुरुवात म्हणून दोन कामे करावीत. मृगाच्या आधी माती परीक्षण करून सेंद्रिय कर्ब किती आहे ते पाहावे. आणि पुढच्या ग्रामसभेत शहराच्या कचऱ्याचा व सांडपाण्याचा विषय लेखी देऊन कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. ठरावाची प्रत महानगरपालिकेला, एक जिल्हाधिकाऱ्यांना आणि एक आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे द्यावी. पोच मात्र जपून ठेवावी.